दोन पांढऱ्यांतला एक निवडताना

इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मकराण्याच्या संगमरवराचा देव्हारा आहे. काही वर्षांपूर्वी ती खोली रंगवायला काढली तेव्हा शेडकार्डावरच्या दोन पांढऱ्यांपाशी मी बराच वेळ घुटमळले आणि शेवटी दुकानातल्या ट्यूबलाइटखाली जो अधिक प्रसन्न वाटला तो घेऊन आले. पेंटरचे दोन हात मारून झाले, खोली उजळली, शेजाऱ्यांनी कौतुकही केले. देव्हारा जागेवर परत ठेवला त्या संध्याकाळी आई फुले वाहता वाहता थांबली आणि म्हणाली, “काय गं, इथे आत्ताच उदबत्तीचा धूर बसलाय का?” धूर कुठला बसतोय, रंग लावून दोनच दिवस झाले होते. पण संगमरवराच्या थंड पांढऱ्यामागे तो जुन्या कात्रणासारखा पिवळट दिसत होता, आणि उरलेल्या तीन भिंतींवर मात्र तोच रंग अजूनही प्रसन्न होता.

पुढे जी पद्धत सांगितली आहे ती त्या एका भिंतीवरून बसवलेली आहे. पांढरा रंग खोलीत एकटा असतो तेव्हा डोळा काही मिनिटांत त्याला सरावतो आणि त्याला पांढरा मानून मोकळा होतो. दुसरा पांढरा शेजारी आला, की मगच त्यांतला एक पिवळा, एक निळसर, एक मळका ठरतो. म्हणून ‘या दोघांतला सुंदर कोणता’ या प्रश्नाचे उत्तर शेडकार्डावर सापडत नाही. प्रश्न असा विचारायला हवा: माझ्या खोलीत जे पांढरे आधीच येऊन बसले आहेत, त्यांच्याशी यांतल्या कोणाचे पटेल?

आधी झाक ओळखावी

इंग्रजी शेडकार्डांवरची नावे पाहून पांढरा निवडू नये. ती नावे विक्रीसाठी ठेवलेली असतात. त्यापेक्षा आपल्या भाषेतले शब्द अधिक कामाचे आहेत. दुधी, मोतिया, हस्तिदंती, सायीसारखा, कवडीसारखा, चुन्यासारखा असे शब्द आपण वापरतो तेव्हा पांढऱ्याच्या आत दडलेल्या दुसऱ्या रंगाविषयी, म्हणजे झाकेविषयीच बोलत असतो. हस्तिदंतीत पिवळी झाक असते, मोतियात किंचित करडी किंवा गुलाबी, आणि धुतलेल्या सुती धोतराच्या पांढऱ्यात निळी.

आजीच्या पिढीला हे शेडकार्डाशिवाय ठाऊक होते. चुन्याची सफेदी करताना त्या निवळीत चिमूटभर नीळ घालत, कारण नुसता चुना वाळल्यावर जरासा पिवळट दिसतो आणि निळी झाक त्या पिवळेपणाला मारते. यात गंमत अशी, की नीळ घातल्याने भिंतीवरून परत येणारा प्रकाश वाढत नाही, उलट थोडा कमी होतो. तरीही डोळ्याला ती भिंत अधिक पांढरी वाटते. आजच्या इमल्शनमध्ये चुन्याची जागा टायटॅनियम डायऑक्साइडने घेतली आहे आणि नीळेची जागा टिंटिंग मशीनमधून पडणाऱ्या थेंबांनी. एका पांढऱ्यात पिवळ्या ऑक्साइडचे चार थेंब आणि काळ्याचा एक पडतो, दुसऱ्यात काळा आणि निळा, तिसऱ्यात तांबड्या ऑक्साइडचा एखादा. दुकानदाराच्या संगणकावर हे सूत्र दिसते, आणि सभ्यपणे विचारल्यास बहुतेक दुकानदार ते दाखवतात. दोन पांढऱ्यांचे सूत्र शेजारी-शेजारी पाहिले की निम्मे कोडे दुकानातच सुटते: दोघांत तेच रंग असून फक्त प्रमाण वेगळे असेल तर ते सख्खे भाऊ आहेत, आणि रंगच वेगळे असतील तर ते फक्त दिसायला सारखे आहेत.

सूत्र पाहायला मिळाले नाही तर कार्डावरून झाक ओळखण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे त्याच पट्टीवरचा सर्वांत गडद रंग पाहावा. ज्या कार्डांत एका पट्टीवर एकाच रंगाच्या फिक्या-गडद छटा असतात, तिथे तळाचा रंग जर माळव्यातल्या गव्हासारखा असेल तर वरच्या पांढऱ्यात तीच झाक आहे, आणि तळाशी राखाडी असेल तर वरही राखाडीच. दुसरा मार्ग दोन्ही तुकडे एकमेकांना चिकटवून, मध्ये फट न ठेवता पाहण्याचा. फट राहिली की डोळा दोघांना वेगवेगळे सामावून घेतो आणि फरक गिळून टाकतो.

पुष्कळजण अशा वेळी छपाईचा कोरा कागद शेजारी धरतात. त्याने फरक दिसतो हे खरे, पण त्या कागदात चमक आणणारी द्रव्ये घातलेली असतात. ती दिवसाच्या उजेडातली अदृश्य अतिनील किरणे शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकतात, म्हणून त्याच्यापुढे जवळजवळ प्रत्येक पांढरा पिवळाच ठरतो. दोन्ही पांढऱ्यांची आपसातली तुलना करायला कागद चालेल, एखादा पांढरा ‘पिवळट आहे’ असा निकाल द्यायला चालणार नाही.

काही कंपन्या प्रत्येक रंगाचा एलआरव्ही आकडा देतात. तो भिंतीवरून किती प्रकाश परत येतो हे सांगतो. शून्य म्हणजे सगळा प्रकाश गिळणारा काळा आणि १०० म्हणजे सगळा परत फेकणारा पांढरा. घरात वापरले जाणारे पांढरे बहुतेक ८० च्या वरचे असतात. दोघांत एक-दोन अंकांचा फरक असेल तर त्या आकड्याकडे मी दुर्लक्ष करते. पाच-सहा अंकांचा असेल आणि खोली अंधारी असेल तर त्याला वजन द्यावे. आकडा उजळपणा सांगतो, झाक सांगत नाही, एवढे लक्षात ठेवले की पुरे.

खोलीतल्या पांढऱ्यांची मोजदाद

रंगाच्या दुकानात जाण्याआधी एका दुपारी कागद-पेन्सिल घेऊन खोलीत बसावे आणि पुढची निदान दहा वर्षे जे बदलणार नाही त्याची यादी करावी. फरशी, ओटा, दारांच्या चौकटी, खिडक्या, भिंतीवरच्या टाइल्स, संगमरवर, छत. पडदे, गादीवरच्या चादरी आणि गालिचे या यादीत घेऊ नयेत, कारण ते रंगाला जुळवून बदलता येतात. ओटा बदलत नाही.

या यादीत हमखास सुटणारी गोष्ट म्हणजे स्विचबोर्डाच्या पट्ट्या. नव्या मॉड्युलर पट्ट्या बहुधा निळसर पांढऱ्या असतात, आणि सायीसारख्या भिंतीवर त्या दात घासण्याच्या पेस्टच्या जाहिरातीसारख्या चमकतात. उलट वीस वर्षे जुने प्लास्टिक पिवळे पडलेले असते, आणि थंड पांढऱ्या भिंतीवर ते केविलवाणे दिसते. दुसरी सुटणारी गोष्ट म्हणजे दारे-चौकटींवरचा पांढरा इनॅमल. तेलाचा इनॅमल काळाबरोबर पिवळा पडतो, आणि उजेड कमी पोहोचतो तिथे जास्त पडतो. जुन्या कपाटाचे दार उघडून आतली आणि बाहेरची बाजू ताडून पाहिली की याची खात्री पटते. चौकटी पुन्हा रंगवायच्या नसतील तर भिंतीचा पांढरा त्या पिवळेपणाकडे झुकलेला घ्यावा. रंगवायच्याच असतील तर पाण्याचा इनॅमल घ्यावा, त्याचा पांढरा जास्त काळ टिकतो.

फरशीचे महत्त्व आपल्याकडे विशेष आहे, कारण इंदूरच्या जुन्या घरांत अजूनही कोटा फरशी भरपूर आहे. कोट्याला हिरवट-करडी झाक असते. खिडकीतून आलेले ऊन आधी फरशीवर पडते आणि तिथून भिंतीवर उडते, त्यामुळे भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटांवर फरशीचा रंग सांडतो. ज्या पांढऱ्यात आधीच थोडी हिरवी किंवा काळी झाक आहे तो कोट्यावर आजारी दिसतो. तांबूस किंवा पिवळी झाक असलेला पांढरा तिथे सावरून घेतो. लाल ऑक्साइडच्या जुन्या फरशीवर याच्या नेमके उलटे होते. हस्तिदंती व्हिट्रिफाइड टाइल्सवर थंड पांढरा अस्वच्छ वाटत नाही, पण टाइल्स मात्र अस्वच्छ वाटू लागतात, आणि घरातली मंडळी पेंटरला सोडून फरशी पुसणारीला बोल लावतात.

शेजारच्या रंगाने रंग बदलतो ही गोष्ट पद्धतशीरपणे मांडली ती फ्रान्समधल्या शेव्हरूल या रसायनशास्त्रज्ञाने. पॅरिसच्या गोबलँ या गालिचे-पडदे विणणाऱ्या कारखान्यात तो रंगाई विभागाचा प्रमुख होता आणि काळा धागा फिका पडतो अशी तक्रार त्याच्याकडे आली होती. तपासणीत रंग निर्दोष निघाला; दोष काळ्याच्या शेजारी विणलेल्या धाग्यांचा होता. १८३९ मध्ये त्याने हा नियम प्रसिद्ध केला. आमच्या देव्हाऱ्यामागची भिंत हे त्याच नियमाचे घरगुती उदाहरण होते, हे मला फार उशिरा कळले.

उजेड कुठून येतो

पाश्चात्त्य मार्गदर्शकांत उत्तरेकडच्या खोलीला उबदार पांढरा आणि दक्षिणेकडच्या खोलीला थंड पांढरा असा सरधोपट नियम सापडतो. तो आपल्याकडे निम्माच लागू पडतो. कर्कवृत्त उज्जैनच्या थोडे उत्तरेकडून जाते आणि इंदूर त्याच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे जूनच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास दुपारचा सूर्य आपल्या अगदी माथ्यावर येतो. त्या दिवसांत दक्षिणेच्या खिडकीतून आत ऊन येतच नाही, आणि उत्तरेच्या खिडकीत मात्र सकाळ-संध्याकाळ तिरपे ऊन येते. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात हाच सूर्य भर दुपारी क्षितिजापासून जेमतेम ४४ अंशांवर असतो, आणि दक्षिणेच्या खिडकीतून येणारे ऊन खोलीच्या मध्यापर्यंत पोहोचते. म्हणजे एकाच खोलीचा उजेड वर्षातून दोन वेगळे स्वभाव दाखवतो.

दुसरी अडचण गल्ल्यांची. रामबागेत किंवा नारायण बागेत समोरच्या घराची भिंत दहा-बारा फुटांवर असते, आणि खिडकीतून आकाश दिसतच नाही. अशा खोलीची दिशा उत्तर असली काय नि दक्षिण असली काय, तिला उजेड समोरच्या भिंतीचा मिळतो. ती भिंत विटकरी असेल तर दुपारभर आपल्या पांढऱ्यात गुलाबी झाक येते; समोर गुलमोहर असेल तर हिरवी. म्हणून होकायंत्र पाहण्यापेक्षा खिडकीशी उभे राहून बाहेर पाहावे आणि जे सर्वांत जास्त दिसते त्याचा रंग लिहून घ्यावा. मोकळे आकाश दिसत असेल तरच दिशेचा नियम लावावा: स्वच्छ उत्तर आकाशाचा उजेड निळसर असतो, त्यात काळी-निळी झाक असलेला पांढरा करडा पडतो आणि पिवळी झाक असलेला पांढरा सावरला जातो.

रात्रीचे दिवे रंगाच्या आधी ठरवावेत. हा क्रम उलटा केल्यामुळे जितकी घरे बिघडलेली मी पाहिली आहेत तितकी चुकीच्या शेडमुळे पाहिलेली नाहीत. एलईडीच्या खोक्यावर केल्विनमध्ये आकडा छापलेला असतो. २७०० ते ३००० म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बसारखा, ४००० म्हणजे मधला, आणि ६५०० म्हणजे आपल्याकडे सर्रास विकला जाणारा पांढराफेक ‘कूल डेलाइट’. सायीसारखा पांढरा ३००० च्या दिव्याखाली लोण्यासारखा होतो. काहींना तो आवडतो, मला थोडा जड वाटतो. निळसर पांढरा ६५०० च्या दिव्याखाली दवाखान्यासारखा दिसतो, आणि यावर मतभेद असलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. खोक्यावर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात ते सांगणारा) हा दुसरा आकडा असल्यास ९० किंवा त्याहून जास्त असलेला दिवा घ्यावा, कारण स्वस्त दिव्यांखाली जुळलेले दोन पांढरे दिवसाच्या उजेडात हमखास वेगळे पडू शकतात. एका प्रकाशात जुळणारे आणि दुसऱ्या प्रकाशात फुटणारे असे जोड रंगांच्या धंद्यात नेहमीचेच आहेत.

फळ्या तयार करणे

शेडकार्डावरचा दोन इंचांचा तुकडा आणि चारही भिंती यांच्यात फरक पडतो तो आकाराचा, आणि त्याहून अधिक परावर्तनाचा. खोली पूर्ण रंगवली की एका भिंतीवरून उडालेला प्रकाश दुसरीवर पडतो, तिथून पुन्हा पहिलीवर येतो, आणि प्रत्येक फेरीत झाक थोडी गडद होत जाते. म्हणून कार्डावर जाणवेल न जाणवेल अशी पिवळी झाक खोलीत स्पष्ट दिसते. दोन पांढऱ्यांत मन अगदी समान वाटले जात असेल तर कमी झाक असलेला घ्यावा, असा माझा कल त्यामुळेच आहे.

नमुना थेट जुन्या भिंतीवर फासू नये. जुना रंग चारही बाजूंनी दिसत राहतो आणि डोळा नव्याची तुलना त्याच्याशीच करतो. प्लायच्या दुकानात टाकाऊ तुकडे स्वस्तात मिळतात. दोन बाय दोन फुटांचे चार घ्यावेत, प्रत्येक रंगासाठी दोन. त्यांवर आधी भिंतीसाठी वापरणार तोच प्रायमर लावावा, नाहीतर प्लायचा पिवळेपणा आतून वर येतो. मग भिंतीला लावणार त्याच फिनिशचा रंग, त्याच रोलरने, दोन हात. पहिल्या आणि दुसऱ्या हातामध्ये चार-सहा तास जाऊ द्यावेत. एक नमुना मॅट (बिनचकाकीचा) आणि दुसरा सॅटिन (मंद चकाकीचा) असे झाले तर तुलना संपली, कारण चकाकी स्वतःच रंग बदलते. नमुन्यासाठी शक्य असेल तर छोटा डबा घ्यावा. तो मिळत नसेल तर एक लिटर घेण्यात कंजुषी करू नये, खोली पुन्हा रंगवण्यापेक्षा ते स्वस्त पडते.

फळ्यांच्या मागे कंपनीचे नाव न लिहिता फक्त ‘अ’ आणि ‘ब’ लिहावे, आणि कोणता कोणता हे घरातल्या इतरांना सांगू नये. ‘मोती’ म्हटले की लोकांना मोती दिसू लागतो. आमच्या पेंटरने फळ्या पाहून “दीदी, दोनों सफ़ेद ही तो हैं” एवढाच निकाल दिला होता, आणि दुपारी साडेबारा वाजता पाहिल्यास त्याचे बरोबर होते.

चार वेळा पाहणे आणि लिहून ठेवणे

फळी जमिनीवर ठेवून वरून पाहू नये. आडव्या पृष्ठभागावर छताचा उजेड पडतो, उभ्या भिंतीवर खिडकीचा. फळी भिंतीला टेकवून उभी करावी, आणि एकाच रंगाच्या दोन फळ्या खोलीच्या कोपऱ्यात काटकोनात, कडा भिडवून ठेवाव्यात. मघाशी सांगितलेले परावर्तन तिथे लहान प्रमाणात घडते आणि खोली रंगवल्यावर काय होईल याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. एका वेळी एकाच रंगाच्या फळ्या खोलीत ठेवाव्यात. दुसऱ्या रंगाच्या आणल्या की पहिल्या बाहेर न्याव्यात. दोन्ही एकत्र ठेवून केलेली तुलना दोघांतला फरक सांगते. एकेकट्या पाहण्यातून खोलीत काय जमेल ते कळते.

वेळा ठरवताना लक्षात ठेवावे, की इंदुरात घड्याळाचे बारा हे सूर्याचे बारा नव्हेत. भारतीय प्रमाणवेळ आपल्या रेखांशाच्या बरीच पूर्वेकडून घेतलेली असल्याने सूर्य माथ्यावर यायला साडेबाराच्या आसपास वेळ लागतो. सकाळी आठ, दुपारी साडेबारा, संध्याकाळी पाच आणि रात्री दिवे लावून, अशा चार वेळा पाहावे. दिवाळीचा रंग काढणारे बहुतेकजण नमुने भाद्रपदात, ढगाळ उजेडात पाहतात आणि अश्विनातल्या स्वच्छ उन्हात रंगवतात. ढगाळ उजेड सपाट असतो, त्यात झाका झाकल्या जातात. एखादा तरी दिवस उघाड पडेपर्यंत थांबावे.

दुसऱ्यांदा रंगवताना मी केलेल्या नोंदी अशा आहेत. अ म्हणजे पिवळी-तपकिरी झाक असलेला, आणि ब म्हणजे काळ्या-निळ्याचा थेंब पडलेला.

सकाळी ८: अ सायीसारखा, पण देव्हाऱ्याशेजारी मळका. ब देव्हाऱ्याला लागून असूनही कड दिसत नाही. कोट्याजवळ मात्र तळाला हिरवट.

दुपारी १२.३०: दोन मीटरवरून दोघांत फरक नाही.

संध्याकाळी ५: समोरच्या विटकरी घरावरून उजेड. अ वर गुलाबी पसरली, संध्याकाळच्या चहाच्या सायीसारखा. ब फक्त पांढरा.

रात्री, ३००० के: अ लोण्यासारखा. ब सायीसारखा, म्हणजे सकाळी अ जसा दिसत होता तसा.

रात्री, ६५०० के: अ ठीक. ब नको.

या नोंदींनी निर्णय जवळजवळ स्वतःच दिला. पुढच्या खोलीत ब, पण ६५०० चे दिवे उतरवून ३००० चे लावायचे, आणि तळाच्या हिरवट पट्ट्याला फरशीलगतची लाकडी पट्टी झाकेल. आतल्या खोलीत, जिथे हस्तिदंती टाइल्स आहेत आणि संगमरवर नाही, तिथे नेमका अ, म्हणजे आधी चुकलेलाच रंग, उत्तम बसला. रंगाचा दोष नव्हताच, खोली चुकली होती.

फोटो काढून बहिणीला पाठवून तिचे मत घेण्याचा मोह आवरावा. मोबाइलचा कॅमेरा प्रत्येक फोटोत पांढऱ्याला आपल्या हिशेबाने ‘दुरुस्त’ करतो, आणि मग तिच्या फोनचा पडदा वेगळा असतो. तिला बोलावून घेता आले तर चहा पाजून खोलीत बसवावे.

न ठरल्यास

चारही वेळा पाहूनही दोघांत फरक जाणवत नसेल, तर तो फरक भिंतीवरही जाणवणार नाही. मग निर्णय रंगावर न ठेवता इतर गोष्टींवर ठेवावा: कोणत्या कंपनीचा फिनिश धुता येतो, कोणता रंग दोन वर्षांनी पुन्हा मिळेल, कोणता छतालाही चालेल. शेवटच्या मुद्द्याकडे लोक दुर्लक्ष करतात. छताला सहसा कारखान्यातून आलेला तयार पांढरा लावतात आणि भिंतीला टिंट केलेला. मग जिथे दोन्ही भेटतात तिथे भिंत अचानक मळकी वाटते. दोन पांढऱ्यांतला फरक फार सूक्ष्म असेल तर भिंत आणि छत दोन्हींना एकच लावावा. फरक ठेवायचाच असेल तर तो ठळक ठेवावा, म्हणजे तो चूक वाटत नाही.

घरात मतभेद असतील तर जी व्यक्ती त्या खोलीत सर्वाधिक वेळ बसते तिचे ऐकावे. आमच्याकडे तो प्रश्न आईच्या उदबत्तीने सुटला होता.

खरेदी आणि रंगकाम

आता हिशेब. १२ बाय १५ फुटांची खोली आणि १० फूट उंची धरली तर चारही भिंतींचे क्षेत्रफळ ५४० चौरस फूट होते. दोन दारे आणि एक खिडकी वजा केली की सुमारे ४८०. चांगल्या इमल्शनचा एक लिटर दोन हातांना साधारण १२० ते १४० चौरस फूट पुरतो. नेमका आकडा डब्यावर असतो. म्हणजे चार लिटर काठावर पुरेल, आणि पेंटरचा रोलर जरा उदार असेल तर नाही पुरणार. पाच लिटर घ्यावेत.

इथे पांढऱ्यांची खास अडचण येते. गडद रंगात टिंटचे प्रमाण मोठे असते, त्यात एखादा थेंब कमी-जास्त झाला तर कळत नाही. पांढऱ्यात मुळात थेंबच मोजके असतात, आणि एका लिटरच्या डब्यात ते इतके कमी पडतात की यंत्राची जराशी चूकही झाक बदलू शकते. त्यामुळे चारचा डबा आणि एकचा डबा वेगवेगळे लावले तर दोन भिंती वेगळ्या दिसण्याची शक्यता राहते. सगळा रंग एकाच दिवशी, एकाच दुकानातून टिंट करून घ्यावा आणि लावण्याआधी सगळे डबे एका मोठ्या बादलीत ओतून, तळापासून ढवळून एक करावेत. पेंटर याला वेळेचा अपव्यय म्हणतील, म्हणू द्यावे.

त्याच बादलीतला रंग भिंतीला लागण्याआधी एका रिकाम्या प्लायवर दोन हात लावून वाळवावा आणि नमुन्याच्या फळीला चिकटवून पाहावा. छोट्या डब्यातला नमुना आणि मोठ्या डब्यातला रंग यांत फरक पडला असेल तर तो इथेच सापडतो. हे ओल्या रंगावर करू नये. इमल्शन ओले असताना दुधाळ दिसते आणि वाळल्यावर त्याची खरी झाक उतरते.

पुट्टी घासून झाल्यावर प्रायमरचा हात सर्वत्र सारखा असावा. पुट्टीचे ठिगळ प्रायमरशिवाय राहिले तर ते रंग जास्त पिते आणि तिथे पांढरा निस्तेज दिसतो. मग माणूस शेडला दोष देत बसतो. घासताना खिडकीच्या बाजूने दिवा तिरपा धरून भिंत पाहावी, कारण पांढऱ्या भिंतीवर उंचवटे सावलीने उठून दिसतात, आणि त्यात सॅटिन फिनिश असेल तर अधिकच.

काम संपल्यावर पाव-अर्धा लिटर रंग काचेच्या बरणीत, तोंडापर्यंत भरून, झाकण घट्ट लावून ठेवावा. शेडचा कोड, फिनिश, दुकान आणि महिना कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहावे. बरणीवरची चिठ्ठी गळून पडते. पुढे एखादा डाग झाकायचा असेल तर फक्त त्या जागी ठिपका मारू नये. वर्षभरात भिंतीवर धूळ बसलेली असते, आणि नवा ठिपका तिच्यापुढे जास्त पांढरा उठून दिसतो. भिंत आधी ओल्या फडक्याने पुसून घ्यावी, आणि ठिपका तरीही दिसत असेल तर एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंतीला एक हात द्यावा.